मावळ्यांच्या जागी मेंढ्या

दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सूचना आली. दिवाळीनिमित्त मुलांसाठी किल्ले स्पर्धा. विषय ठळक अक्षरांत: ‘मी पाहिलेला किल्ला’. किल्ला शक्यतो मातीचा हवा, आईवडिलांनी लुडबुड करायची नाही आणि प्रत्येक मुलाने आपल्या किल्ल्याबद्दल मराठीतून दोन मिनिटं बोलायचं. खाली अध्यक्ष म्हणून गुणवंत यांचं नाव आणि हात जोडलेल्या इमोजींची रांग.

सूचना इतकी नीट सांगतेय, कारण पुढे जो तमाशा झाला तो त्यातल्या एका शब्दावरून झाला, आणि तो शब्द गुणवंतनी स्वतःच्या बोटांनी टाइप केला होता. ग्रुपवर अजून आहे. माझा राग जरा निवायला लागला की मी वर स्क्रोल करत जाते आणि तो वाचून येते.

मिहिकाने सूचना माझ्या फोनवर वाचली. माझी मुलगी अकरा वर्षांची, जन्म इथला, शाळा इथली. मराठी सगळं समजतं, वाचते अडखळत, आणि उत्तर द्यायची वेळ आली की गाडी इंग्रजीवर जाते. ‘पाहिलेला’ या शब्दाशी ती थांबली.

“पाहिलेला मीन्स आय सॉ इट? मायसेल्फ?”

“हो. स्वतः.”

“देन आय हॅव ओन्ली वन,” ती म्हणाली. “डन्स्टनबरा.”

मी म्हटलं, मग तोच कर. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आजही दिसत नाही.

डन्स्टनबरा हा किल्ला नॉर्थम्बरलँडमध्ये आहे. नॉर्थम्बरलँड म्हणजे इंग्लंडची अगदी वरची, स्कॉटलंडला चिकटलेली काउंटी, जिल्हाच म्हणा. जुलैत आम्ही चार कुटुंबं दोन व्हॅन घेऊन तिथे गेलो होतो, आणि सहलीचा कर्ताधर्ता दुसरा कोणी नाही, गुणवंतच. लंडन सगळ्यांचं झालं होतं म्हणून त्यांनी ही काउंटी शोधून काढली. त्यांच्या तोंडी प्रवासाला एकच क्रियापद आहे, करणं. स्वित्झर्लंड केलं, जॉर्जिया केलं, बाकू केलं, आता नॉर्थम्बरलँड करायचं. रोज सकाळी नाश्त्याला ते दिवसाचा कार्यक्रम वाचून दाखवत आणि संध्याकाळी व्हॅनमध्ये बसल्याबसल्या एकेक नाव खोडत.

त्यांच्याबरोबर मी जे पाहिलं ते असं. ॲनिकच्या किल्ल्यात जादूच्या शाळेवरच्या एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं, तर त्या हिरवळीवर मुलांना झाडूवर बसवून फोटो काढले आणि दुकानात गेलो. बॅम्बराचा किल्ला समुद्राकाठच्या कातळावर असा उभा आहे की छातीत धस्स व्हावं, तो आम्ही पार्किंगमधून पाहिला, कारण गुणवंत म्हणाले, आत सगळं सारखंच असतं. होली आयलंडला जाणारा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून तिथे पोचल्यापासून ते घड्याळाकडे बघत होते आणि तो तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा मठ आम्ही जवळजवळ पळत केला. रोमन बादशहाने बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीपाशी ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “हॅ, यापेक्षा आमच्या वाकडच्या सोसायटीचं कंपाउंड उंच आहे.” सगळे हसले. मीही हसले, आता तो राग स्वतःवर काढते.

डन्स्टनबराला गाडी जात नाही. क्रास्टर नावाच्या चिमुकल्या गावात व्हॅन लावायची आणि समुद्राच्या काठाकाठाने, गवतातून, मेंढ्यांमधून अर्धा तास चालायचं. किल्ला लांबून दिसत असतो, दोन मोडके बुरूज, तुटलेल्या दातांसारखे. गुणवंत म्हणाले, “पडका आहे. चालत जाऊन काय दगड बघायचेत?” त्या गावात धुरी दिलेला मासा मिळतो, फार नावाजलेला. ते त्याचं सँडविच घेऊन व्हॅनमध्ये बसले, बाकीचेही बसले, माझा नवरा शार्दूलही बसला. मिहिका म्हणाली, आय वॉन्ट टु गो. म्हणून मी गेले.

वारा असा की बोलता येईना. ती पुढे पळत होती, मेंढ्या तिच्याकडे बघून चरत होत्या. किल्ल्यात आमच्याशिवाय एक म्हातारं जोडपं आणि त्यांचा कुत्रा. बुरुजांना छत नाही, आतून आकाश दिसतं. खाली काळा कातळ सरळ समुद्रात उतरलेला. मिहिकाने त्यावर तळवा टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी म्हटलं, “आपल्या सह्याद्रीचा दगड असाच काळा असतो.” तिने विचारलं, “ट्रूली?” मग आम्ही भिंतीच्या आडोशाला बसून चिवडा खाल्ला आणि तिने तिथला फलक मला वाचून दाखवला. सातशे वर्षांपूर्वी एका सरदाराने राजाशी भांडण काढून हा किल्ला बांधायला घेतला. काही वर्षांतच राजाने त्याचं मुंडकं उडवलं. त्याने स्वतः तो किल्ला धड एकदा तरी पाहिला असेल की नाही, कोणालाच सांगता येत नाही. मिहिकाला त्या माणसाची फार दया आली. परतताना तेवढंच बोलत होती.

तर, पाहिलेला किल्ला तिच्याकडे एकच होता. मी विचारलं, अगं, ॲनिक? बॅम्बरा? ती म्हणाली, “दोज वी क्लिक्ड, आई.” दुबईतला अल फहिदीचा किल्ला घरापासून चालत जाण्याएवढा जवळ, पण तोही आम्ही येताजाता बाहेरूनच बघितलेला.

अल मनखूलच्या आमच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे आणि कपडे आहेत, तिथे माती कालवणं शक्य नव्हतं. मी रास अल खोरला स्पेअर पार्ट्सच्या एका गोदामात एचआर बघते. गोदामामागे पत्र्याची शेड आहे, ती मी साहेबांकडून दोन आठवड्यांसाठी मागून घेतली. इथल्या वाळूला चिकटपणा नाही, म्हणून आमचा पिकअपवाला रफिक नर्सरीतून लाल मातीची पोती घेऊन आला.

“मॅडम, इसका क्या बनेगा?”

“किला.”

“बंबई का?”

“इंग्लंड का.”

“अच्छा,” म्हणून त्याने पोती उतरवली. रफिकला त्यात काही खटकलं नाही हे मी मुद्दाम नमूद करते.

मिहिका रोज शाळेतून परस्पर तिथे येई. प्लायवूडच्या फळीवर तिने आधी समुद्र आखला, मग कातळ. कातळाला काळा दगड हवा, तो कुठून आणणार? तिने बार्बेक्यूच्या कोळशांची पिशवी फोडली आणि एकेक कोळसा निवडून मातीत रोवला. बुरूज पाडलेले बांधणं हे धड बांधण्यापेक्षा कठीण असतं, हे मला तेव्हा कळलं. तिने ते आधी पूर्ण उभे केले आणि मग चमच्याने थोडं थोडं कोरत फोटोशी जुळवत पाडले. उतारावर अळीव पेरलं, ते चार दिवसांत हिरवंगार वर आलं. आणि मग मेंढ्या केल्या. अंगाला कापूस, पायांना लवंगा, तोंडाला मिरी. त्या तिने अळिवात चरायला सोडल्या. मला हात लावू दिला नाही. मी शेडच्या दारात खुर्ची टाकून पगाराची कामं करत बसे आणि मधूनमधून बघे. मला माझ्या मुलीचा फार अभिमान वाटत होता.

स्पर्धेच्या दिवशी रफिकने फळी हळूहळू चालवत शाळेच्या हॉलपर्यंत पोचवली. हा हॉल मंडळ दरवर्षी भाड्याने घेतं. आम्ही गेलो तेव्हा निम्मे किल्ले मांडून झाले होते. एक प्रतापगड, एक शिवनेरी, दोन सिंहगड. मधोमध गुणवंतच्या मुलाचा, तनिषचा, रायगड. तो थर्माकोलचा होता, रंगवलेला, पुण्याहून कुरियरने आलेला. गुणवंत भेटेल त्याला सांगत होते, “साडेचारशे दिरहम. म्हणजे घरपोच दहा-साडेदहा हजार रुपये. पण फिनिशिंग बघा.” तनिष शेजारी नवा कुर्ता घालून उभा होता. कुरियर त्याने उघडला होता, त्यापलीकडे त्या किल्ल्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि बिचाऱ्याच्या तोंडावर ते दिसत होतं.

फिरत फिरत गुणवंत आमच्यापाशी आले.

“वहिनी, हे काय आहे?”

“किल्ला.”

“ते कळलं हो. कुठला?”

मिहिकाने पाटी स्वतः लिहिली होती, देवनागरीत, ‘डन्स्टनबरा, नॉर्थम्बरलँड’. ‘म्ब’ काढायला तिला तीन कागद लागले होते. गुणवंतनी ती वाचली आणि त्यांचं हसू आटलं.

“आणि महाराज कुठे आहेत?”

“ही नेव्हर वेंट देअर, काका,” मिहिका म्हणाली.

“मावळे?”

गुणवंतनी चष्मा वर सरकवला, वाकून उतारावर बघितलं आणि एक मेंढी चिमटीत उचलली.

“मावळ्यांच्या जागी मेंढ्या?”

हे ते हळू बोलले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्यांचा आवाज अध्यक्षाचा. आजूबाजूचे वळले. दोन-तीन बायका जवळ आल्या, कोणीतरी फोन काढला. “मेंढ्या?” “अय्या, खरंच मेंढ्या.” “मुलीचं जाऊ दे, आईला कळायला नको?” ही शेवटची कुजबुज मला ऐकू जाईल एवढी मोठी होती.

“वहिनी, कोणी व्हिडिओ काढून तिकडे पाठवला तर काय होईल, आयडिया आहे का तुम्हाला?” गुणवंत म्हणाले. “दुबईच्या मंडळाने मावळ्यांना मेंढ्या केलं. संध्याकाळपर्यंत व्हायरल.”

“मावळ्यांना कोणी काही केलेलं नाही,” मी म्हटलं. “मावळे तिथे नव्हतेच. मेंढ्या होत्या. तुम्ही सँडविच खात बसला नसतात तर तुम्हालाही दिसल्या असत्या.”

त्यांचे कान लाल झाले. माझा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची मला अजिबात इच्छा नव्हती. शार्दूल धावत आला. तो मंडळाचा खजिनदार आहे, आणि भांडण दिसलं की मध्ये पडून मिटवायला बघतो.

“मी काय म्हणतो,” गुणवंत आता समजूतदार झाले, “किल्ला उत्तम आहे. मेहनत दिसते. समुद्र आहेच. आपण याचा सिंधुदुर्ग करून टाकू. बुरुजावर महाराजांची मूर्ती ठेवू, माझ्याकडे एक्स्ट्रा आहे. पाटी बदलू. मेंढ्या काढू. खलास.”

“सिंधुदुर्ग असा नाही,” मी म्हटलं.

“कोणाला कळतंय?”

“मंजू, यल्ला, चल, लिहू दे ना,” शार्दूल म्हणाला. “काय फरक पडतो? मुलांची स्पर्धा आहे.”

काय फरक पडतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, या वाक्याने माझ्या डोक्यात दर वेळी सारखीच तिडीक जाते. मी फोन उघडला, ग्रुपवर वर वर गेले आणि ती सूचना गुणवंतच्या नाकासमोर धरली.

“हा विषय कोणी लिहिला? ‘मी पाहिलेला किल्ला’. पाहिलेला. तिने पाहिलाय. दुसरा पाहिलेला नाही म्हणून दुसरा केला नाही. तुमच्याच नियमाने चाललीय पोर.”

“अहो, पाहिलेला म्हणजे अगदी तिथे जाऊन असं थोडंच असतं? फोटोत पाहिला तरी पाहिलाच की.”

“असं? मग मुलगी पाहायला जाता ते कशाला? फोटो पाहून लग्न लावायचं होतं तुमचं.”

मागे कोणीतरी खुसकन हसलं. गुणवंत नाही हसले.

“हे बघा, इथे आपण आपली संस्कृती टिकवायला जमतो. इंग्रजांचे किल्ले मिरवायला नाही. दीडशे वर्षं राज्य केलं त्यांनी आपल्यावर.”

“तुमचा डीपी बघा,” मी म्हटलं. “जुलैपासून बॅम्बराच्या पार्किंगमधला आहे, गॉगल लावून. तो इंग्रजांचा नाही?”

“डीपी वेगळा आणि संस्कृती वेगळी.”

“वेगळीच आहे. तुम्ही दरवर्षी पुण्याला जाता, मॉल करता, दाताचा डॉक्टर करता, फ्लॅटचं भाडं वसूल करता. तनिषला कधी नेलंत रायगडावर? तनिषने पाहिलाय रायगड?”

हे बोलताना मी गुणवंतकडे बघत होते. तनिष त्यांच्या मागेच उभा होता हे मला बोलून झाल्यावर दिसलं. हातात एक प्लॅस्टिकचा मावळा, आणि मान खाली. त्याच्या थर्माकोलच्या किल्ल्याकडे आता सगळे बघत होते.

“आई, स्टॉप,” मिहिका म्हणाली.

“का स्टॉप? मी तुझ्यासाठी—”

“नो. यू आर नॉट. तनिष इज क्रायिंग, आई.”

ती हे हळूच म्हणाली, दात आवळून. मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती गुणवंतवर नाही, माझ्यावर चिडली होती. मग ती गुणवंतकडे वळली. “काका, इट्स ओके. पुट इट. तुम्ही लिहा.”

गुणवंतनी वेळ दवडला नाही. मार्कर आला, पाटी उलटी झाली, मागच्या कोऱ्या बाजूवर झोकात ‘सिंधुदुर्ग’ लिहिलं गेलं. मूर्ती आली. पडक्या बुरुजावर तिला जागा नव्हती, म्हणून गुणवंतनी बोटाने माती दाबून सपाट केली आणि मूर्ती बसवली. महाराजांबद्दल माझ्या मनात काय आहे ते मला कोणाला सिद्ध करून दाखवायचं नाही. पण त्यांना असं कोणाच्या तरी सोयीसाठी नेऊन बसवलेलं बघून मला गुणवंतचा हात धरावासा वाटला. मेंढ्या उचलून कागदी बशीत ठेवल्या गेल्या, बशी टेबलाखाली गेली. लवंगांचे पाय बऱ्याच जणींचे मोडले. शार्दूलने सुटकेचा श्वास सोडला आणि मला विचारलं, चहा घेणार का. मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहीत नाही.

मिहिका फळीच्या बाजूला हात मागे बांधून उभी राहिली. मला तिचा राग आला, खरंच आला. एवढं राबून असं गप्प मान्य करायचं? ही कोणाची मुलगी, माझी की शार्दूलची? मी मागच्या रांगेत जाऊन बसले. पर्स मांडीवर घेऊन, चेन उघडझाप करत. निकाल लागला की फळी उचलायची आणि पुन्हा या मंडळाची पायरी चढायची नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

दिवे लागले, गुणवंतनी माईक घेतला आणि भाषण केलं. परदेशात राहून आपली मुलं किल्ले करतात, मातीशी नातं, मुळं, वारसा. टाळ्या पडल्या. मग मुलांनी आपापल्या किल्ल्याशेजारी उभं राहून बोलायचं होतं. “सुरुवात करूया सिंधुदुर्गापासून,” ते म्हणाले आणि माईक मिहिकाच्या हातात दिला. पाठीवर थापही मारली.

मिहिकाने दोन मिनिटांचं बोलणं तयार केलं होतं. मराठीत, मीच दुरुस्त करून दिलं होतं. त्यात तो सरदार होता, वारा होता, कातळ होता. त्यातलं काहीच आता चालणार नव्हतं. तिने माईक तोंडाजवळ धरला, लांब केला, परत जवळ आणला.

“हा सिंधुदुर्ग आहे,” ती म्हणाली. एकेक शब्द जपून, परीक्षेला बसल्यासारखी. “असं पाटीवर लिहिलं आहे. मी सिंधुदुर्ग पाहिला नाही. म्हणून मला त्याच्याबद्दल काही माहिती नाही. धन्यवाद.”

माईक तिने गुणवंतना परत दिला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला ठरवता येईना. दोघाचौघांनी वाजवल्या आणि थांबवल्या. गुणवंत माईकवर हसले. “लाजली. असू दे. आता आपला रायगड. तनिष, बेटा, ये.”

तनिषला भाषण पाठ होतं. आठवडाभर घोटून घेतलं होतं, त्याच्या आईने मला स्वतः सांगितलं होतं. त्याने माईक घेतला. “हा रायगड,” तो म्हणाला. “रायगड ही... रायगड ही...” मग त्याने मिहिकाकडे बघितलं. तिने काही केलं नाही, नुसती उभी होती. तनिषच्या चेहऱ्यावर एकदम हलकं झाल्यासारखं दिसलं.

“मी पण पाहिला नाही,” तो म्हणाला. “धन्यवाद.”

“तनिष,” गुणवंत माईकशिवाय बोलले, तरी ऐकू आलं. “पाठ आहे ना तुला?”

“पाठ आहे, बाबा. बट आय हॅवन्ट सीन इट.” माईक त्याच्या हातातच होता, त्यामुळे हे सगळ्या हॉलभर गेलं. मग त्याने अगदी साधेपणाने, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, “तुम्ही पाहिलाय?”

गुणवंत हो म्हणू शकले असते, कोण पडताळायला जाणार होतं? मी पुढे सरकून बसले. दुपारपासून मी याच क्षणाची वाट बघत होते आणि मला ते खोटं बोलायला हवे होते, म्हणजे मला आणखी चिडता आलं असतं.

“नाही,” गुणवंत म्हणाले. “राहूनच गेलं, बेटा.”

कोणी हसलं नाही. पैठण्या आणि झब्बे घालून बसलेली ती सगळी माणसं आपापल्या फोनकडे, बांगड्यांकडे, छताकडे बघायला लागली. शार्दूल बूट न्याहाळत होता.

मला वाटलं होतं आता थंडावा मिळेल. नाही मिळाला. कारण मिहिकाने तनिषच्या हातातून माईक घेतला होता आणि तिची नजर रांगांवरून शोधत शोधत माझ्यापर्यंत आली होती.

“आई,” ती म्हणाली. माईकवर, मराठीत, सगळ्यांसमोर. “तू? तू कुठला पाहिलास?”

दोनशे माना मागे वळल्या. मी दादरला वाढलेली, पुण्यात शिकलेली. मी सिंहगडावर गेले आहे, किती वेळा ते सांगता येणार नाही. कॉलेजच्या ग्रुपबरोबर गाडीने वर जायचं, पिठलं-भाकरी खायची, मडक्यातलं दही खायचं, कठड्यावर बसून फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत उतरायचं. तो दगड कसा लागतो हाताला, मला माहीत नाही. तिथला एक फलक मी कधी वाचला नाही. सिंहगड मी केला होता.

मी उभी राहिले. माझ्याकडे माईक नव्हता, म्हणून जोरात बोलावं लागलं.

“डन्स्टनबरा,” मी म्हणाले. “मी पण तेवढाच पाहिलाय.”